पुराचा धसका, मेंदू आणि लळा: समुपदेशनात आईच्या आईचं काय काम?

पंचगंगाकाठ | 4 जून, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय घरचा आहे, सांभाळून घ्या.

माझं माहेर आंबेवाडीकडचं. 2019 च्या ऑगस्टात घरात पाणी शिरलं तेव्हा आई-बाबा दोन रात्री माडीवर अडकले होते, तिसऱ्या दिवशी बोटीनं बाहेर काढलं. 2021 च्या जुलैत परत पाणी आलं, त्या वेळी आधीच निघाले. बाबा विसरलेत, किंवा विसरल्यासारखं करतात. आई मात्र अजून त्या माडीवरच आहे. आता दोघं माझ्याकडं राजारामपुरीत असतात, तिसऱ्या मजल्यावर. तरी मृग तोंडावर आला की कागदपत्रांची पिशवी दाराच्या खुंटीला लागते. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी तासातासाला विचारणार. 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पाठ असतं, पण आई 25 फुटांनाच जेवण सोडते. राधानगरी धरणाचा एक दरवाजा उघडल्याची बातमी आली की त्या रात्री घरात कुणी झोपत नाही. शेजारच्या शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजला की ती उठून जिन्याकडं जाते आणि पायऱ्या मोजते. तिसऱ्या मजल्यावर पाणी यायला अख्खी पंचगंगा उभी राहावी लागेल, हे शंभरदा सांगून झालं.

शेवटी ओळखीतून एका समुपदेशक बाईंकडं नेलं. पहिल्या भेटीत त्यांनी हाताची मूठ करून मेंदू दाखवला. आत दुमडलेला अंगठा म्हणजे भीतीची घंटा, वरची चार बोटं म्हणजे विचार, फार घाबरलं की बोटं उघडतात आणि घंटा मोकाट सुटते. आईला ते पटलं, घरी येऊन बाबांना करून दाखवलं. दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "लहानपणी भ्यायला झालं की कुणाकडं जायचा?" आई गप्पच झाली. रिक्षात म्हणाली, "पुराचं विचारायचं सोडून माझ्या आईचं काय काढलं हिनं? ती जाऊन पन्नास वर्षं झाली." आता तिसऱ्या भेटीला तयार नाही.

तर प्रश्न असा, की हे मेंदूचं शास्त्र आणि ती अटॅचमेंट थिअरी (लहानपणी सांभाळणाऱ्या माणसाशी जडलेल्या नात्याची), यांचा समुपदेशनात खरंच उपयोग असतो की पुस्तकी सजावट? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

तांबडापांढरा | 4 जून, रात्री 10:05

मूठ उघडून मेंदू आमच्या मास्तरांनीपण शिकवलाय. फक्त ते पाठीवर उघडायचे.

पेठेतला | 4 जून, रात्री 10:40

ताई, राग मानू नका, पण कोल्हापूरच्या माणसाला समुपदेशन कशाला पायजे? 2005 ला पाणी आलं, 2019 ला आलं, 2021 ला आलं. आलं तसं गेलं. चिखल काढायचा, भिंती धुवायच्या, कामाला लागायचं. पन्नास वर्षापूर्वीचं उकरून काय होणार? आईस्नी एकदा जोतिबाला नेऊन आणा, डोंगरावर पाणी येत न्हाई.

सांगलीची_हळद | 4 जून, रात्री 11:10

@पेठेतला, चिखल काढून झाला तरी माझा मुलगा दीड वर्ष बाथरूमचं दार लावून आंघोळ करत नव्हता. तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला कुठल्या डोंगरावर न्यायचं होतं तेही सांगा.

धागाकर्तीला: आम्हाला उपयोग झाला. आमच्या समुपदेशकांनी मुलाबरोबर कमी आणि माझ्याबरोबर जास्त वेळ घालवला. तेव्हा राग आला होता, पोराला त्रास आणि तासणार मला? नंतर कळलं. पाणी चढताना त्यानं पाण्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघितलं होतं, आणि माझं तोंड पांढरं पडलं होतं.

उंबरठा | 5 जून, सकाळी 7:30

मी हेच काम करते, म्हणून जरा लांबड लावते.

आधी मूठ. ते चित्र फार ढोबळ आहे, पण ते काही शरीरशास्त्र शिकवायला नसतं. माझ्याकडं येणाऱ्या बायका बऱ्याचदा दबक्या आवाजात पहिलं हेच विचारतात, "मला वेड लागलंय का?" मेंदूची घंटा अडकलीय, तुम्ही बिघडलेला नाही, एवढं कळलं तरी निम्मी शरम उतरते. तुमच्या आईंनी घरी जाऊन बाबांना मूठ दाखवली, तिथं तिचं काम झालं.

तिसऱ्या मजल्याचा हिशेब आईंना समजत नाही असं अजिबात नाही. हिशेब करणारा भाग वेगळा आणि पत्रा वाजल्याबरोबर छाती धडधडवणारा वेगळा. आवाजाची खबर अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागाकडं जवळच्या वाटेनं आधी पोचते, आणि विचार करणाऱ्या भागाकडून सावकाश वळसा घालून नंतर. ही आडवाट जोसेफ लेडू यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत शोधली. शेजारीच हिप्पोकॅम्पस असतो, त्याचं काम घटनेवर जागेचा आणि वेळेचा शिक्का मारायचं. जबर भीतीत तो शिक्का पुसट उमटतो. म्हणून पत्र्याचा आवाज आला की आईंच्या अंगासाठी ते 2019 च असतं. तुम्ही समजावता ते वरच्या चार बोटांना. तेव्हा ती उघडलेली असतात हो, ऐकणार कोण?

दुसरं म्हणजे ही भीती खोडरबरानं पुसता येत नाही. तिच्या शेजारी नवी आठवण उभी करावी लागते, की पत्रा वाजला, मी बसून राहिले, काही झालं नाही. नवी आठवण आधी नाजूक असते. जागा बदलली, मध्ये बरेच महिने गेले, की जुनी परत डोकं वर काढते. दर मृगाला तेच होतं म्हणून उपचार वाया गेला असं समजू नका.

आता आईची आई. जॉन बोल्बी हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ, अटॅचमेंट थिअरी त्यांची. पोर आईला चिकटतं ते दूध मिळतं म्हणून, असं त्या काळी मानत. बोल्बी म्हणाले, छे, भ्यालेलं पोर सुरक्षित वाटावं म्हणून माणसाकडं धावतं. 1950 च्या दशकाच्या शेवटी हार्लो यांनी माकडांच्या पिलांसमोर दोन खोट्या आया ठेवल्या, एक तारेची पण दूध देणारी, दुसरी नुसती मऊ कापडाची. पिलं दुधापुरती तारेकडं जायची आणि बाकी वेळ कापडाला बिलगून. मेरी एन्सवर्थ यांनी मग वर्षाच्या आसपासच्या बाळांना बघितलं. आई खोलीतून गेल्यावर बाळ किती रडतं यापेक्षा ती परत आल्यावर काय करतं, याकडं त्यांचं लक्ष होतं. कुणी कुशीत शिरतं आणि दोन मिनिटांत खेळायला लागतं. कुणी बघितलंच नाही असं दाखवतं. कुणी बिलगतं, पण काही केल्या शांत होत नाही.

पुढं मोठेपणी संकट आलं की हात कुणाकडं जातो, की जातच नाही, याची सवय तिथून लागलेली असते. तुमच्या आईंना त्या माडीवर नक्की काय लागलं? पाणी, की दोन रात्री कुणी येत नाही हे? दोन्हीचे उपचार वेगळे. तो प्रश्न त्यासाठी असावा.

पण दुसऱ्याच भेटीत? मला घाई वाटते. आधी पायाखाली जमीन, मग खणणं. आईंना म्हणावं, तिसऱ्यांदा जा आणि तोंडावर सांगा, "मला तुमचा तो प्रश्न आवडला नाही." बाई समजूतदार असतील तर तिथून पुढंच खरं काम सुरू होईल. एड ट्रॉनिक यांनी आई-बाळांचं बारकाईनं निरीक्षण केलं, त्यात चांगल्या आयांचाही ताळमेळ बाळाशी सारखा चुकतच होता. चुकलेला परत जुळायचा, बाळाला शिकवण त्या जुळण्याची मिळते.

तांबडापांढरा | 5 जून, सकाळी 8:15

वाचनखूण साठवली. आता मिसळ खाऊन येतो, बोटं उघडली आहेत.

शब्दवेल्हाळ | 5 जून, सकाळी 11:20

अवांतर, पण राहवत नाही. अटॅचमेंटला मराठीत 'आसक्ती' लिहिलेलं मी वाचलंय. बोल्बी म्हणतात आसक्ती हवी, भगवंत म्हणतात सोडा. पोरानं परीक्षेत काय लिहायचं? 'अनुबंध' बरा, पण तो लग्नपत्रिकेत जास्त शोभतो. आपल्याकडं 'लळा' असताना ही उसनवारी कशाला? लळा लागतो, लावावा लागतो, वासराला लागतो, सावत्र आईलासुद्धा लागतो. त्यात रक्ताचीच अट नाही.

तसंच ट्रॉमाला 'आघात'. आघात बाहेरून होतो, ढोल-ताशावरही होतो. आपण म्हणतो "तिनं पुराचा धसका घेतला". घटना एकच असते, सगळेच धसका घेत नाहीत. एका माडीवर दोघं होते, बाबांनी घेतला नाही, आईंनी घेतला. सगळा सिद्धांत एका क्रियापदात आहे.

उंबरठा | 5 जून, दुपारी 1:05

@शब्दवेल्हाळ, लळा आजपासून माझा. 'धसका घेतला'बद्दल मात्र जपून. घरातली माणसं ते "तूच मनाला लावून घेतलंस" अशा अर्थानं म्हणतात, आणि समोरची आणखी मिटते. कुणी हौसेनं घेत नाही. आणि बाबांनी घेतला नाही हे कशावरून? न बोलणं म्हणजे बरं असणं नव्हे.

शंकेखोर | 5 जून, रात्री 9:15

चांगलं चाललंय, म्हणून थोडं मीठ टाकतो. मी मेंदूविज्ञान शिकलोय, समुपदेशन नाही.

मेंदूचं नाव घेतलं की कुठलीही गोष्ट शास्त्रीय वाटायला लागते, हा मोठा धोका आहे. अमिग्डाला म्हणजे भीतीचं केंद्र हे समीकरण खुद्द लेडू यांनीच नंतर नाकारलं. त्यांचं म्हणणं, अमिग्डाला धोका ओळखून अंगाला सज्ज करतो, पण 'मला भीती वाटते' ही जाणीव तिथं तयार होत नाही. हिप्पोकॅम्पसचं उदाहरण तर फार बोलकं आहे. धसक्याच्या रुग्णांत तो लहान दिसतो, म्हणून ताणानं तो आक्रसतो असं लोक छातीठोक सांगायचे. मग 2002 मध्ये व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांची आणि घरीच राहिलेल्या त्यांच्या जुळ्या भावांची तपासणी झाली. धसक्यानं आजारी सैनिकाच्या युद्ध न पाहिलेल्या जुळ्या भावाचा हिप्पोकॅम्पसही लहानच! म्हणजे निदान काही अंशी तो आधीपासूनच लहान होता, आणि अशांना धसका बसण्याची शक्यता जास्त. बाण उलटा.

मेंदूतून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेच्या नावानं जी पॉलिव्हेगल थिअरी आजकाल प्रत्येक शिबिरात ऐकू येते, तिच्या शरीरशास्त्रावर त्या क्षेत्रातलेच लोक गंभीर आक्षेप घेतात. आणि मेंदूचा फोटो काढून 'यांना ट्रॉमा आहे' असं एका माणसाबद्दल सांगता येत नाही. कुणी हजारो रुपये घेऊन सांगत असेल तर उठून या.

जे उपचार टिकले, म्हणजे आठवणीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जाणं वगैरे, ते मेंदूच्या चित्रांतून निघालेले नाहीत. माणसं बरी होतात की नाही हे मोजून निघालेत. विज्ञान मागून स्पष्टीकरण द्यायला आलं. वऱ्हाड पुढं, बँड मागं.

उंबरठा | 5 जून, रात्री 10:00

मान्य. पण बँड नसला तर वऱ्हाड हलत नाही, हेही आमच्या कोल्हापुरात बघा.

कागलकर | 6 जून, सकाळी 6:50

सगळ्याचं मूळ अलमट्टी आहे. तिथलं पाणी वेळेत सोडलं तर धसका घेणार कशाचा?

जयंती_नाला | 6 जून, सकाळी 7:10

अलमट्टी राहू दे, पूररेषेत घरं कुणी बांधली ते बोला.

कागलकर | 6 जून, सकाळी 7:14

तुमचं आयडी नाल्याचं आहे, तुम्ही रेषेबद्दल बोलू नका.

(पुढचे 19 प्रतिसाद 'पूर आणि धरणं' या धाग्यात हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा. – संपादक)

अकरा_माणसांचं_घर | 6 जून, दुपारी 3:30

मला या लळा-सिद्धांताचं एक खटकतं. सगळं आईच्या गळ्यात. पोर बिचकलं, आईचं चुकलं. पोर चिकटलं, आईचं चुकलं. माझं लहानपण करवीर तालुक्यातल्या वाड्यात गेलं. दूध आईचं, झोप आत्याच्या कुशीत, भ्यालो की आजोबांच्या धोतराआड. विलायतेतल्या तीन माणसांच्या घरावर बेतलेलं माप आम्हाला कशाला?

उंबरठा | 6 जून, सायंकाळी 5:45

खटकणं रास्त आहे, हा आक्षेप अभ्यासकांनीही घेतलाय. फक्त दोन गोष्टी. एन्सवर्थ यांचं पहिलं निरीक्षण विलायतेतलं नव्हतंच, 1950 च्या दशकात त्या युगांडातल्या खेड्यांत बसून बाळं बघत होत्या. आणि बाळाला एकापेक्षा जास्त माणसांचा लळा लागतो हे आता सगळेच मानतात. मी कुणालाही "आई कशी होती?" विचारत नाही, "भ्यालं की कुणाकडं?" विचारते. धागाकर्तीच्या बाईंनीही तेच विचारलं होतं, परत वाचा. त्याला 'आई' हे उत्तर त्यांच्या आईंनी स्वतः दिलं. मला तिथंच काहीतरी असावंसं वाटतं.

खुद्द बोल्बींना लहानपणी सांभाळलं ते दाईनं. ते चार वर्षांचे व्हायच्या सुमाराला ती सोडून गेली, आणि आई गमावल्यासारखं ते दुःख होतं असं त्यांनी पुढं सांगितलं आहे.

रात्रपाळी | 6 जून, रात्री 11:50

बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. आता मुलाजवळ आई राहते हे आपण गृहीत धरतो. इंग्लंडात पूर्वी आईबापांना आठवड्यातून थोडा वेळच भेटू द्यायचे, पोरं रडतात म्हणून. 1952 मध्ये बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकटी राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा लघुपट काढला. ती मुलगी फार रडतसुद्धा नाही, आणि तेच बघवत नाही. शांत झालेलं पोर आणि हरलेलं पोर यांतला फरक आम्हाला शिकवायला तिथूनच सुरुवात करतात.

तांबडापांढरा | 7 जून, सकाळी 9:00

@पंचगंगाकाठ दादा, आई गेल्या का मग तिसऱ्यांदा?

पंचगंगाकाठ | 7 जून, सकाळी 9:20

दादा? पहिल्या ओळीतच 'काढतेय' लिहिलंय की! अजून आई तयार न्हाई. मी आज परत बोलतो तिच्याशी आणि सांगतो.

तांबडापांढरा | 7 जून, सकाळी 9:22

'बोलतो', 'सांगतो'. बघा.

पंचगंगाकाठ | 7 जून, सकाळी 9:25

अहो, कोल्हापूरची पोरगी आहे मी. आम्ही असंच बोलतो. टंकताना व्याकरण आठवतं, घाईत विसरतं.

पेठेतला | 9 जून, रात्री 1:35

झोप न्हाई म्हणून लिहितोय. वर मी जोतिबाचं लिवलं ते जरा आगाऊपणाचं झालं.

2019 ला आमच्या तालमीची पोरं मदतीला गेली होती. बोटी कमी, म्हणून गुऱ्हाळातली काहील घेतली. गूळ करायची काहील, माहीत असंल सगळ्यास्नी. गोल असती, वल्हवली की गरागरा फिरती. सुरवातीला हसत होतो. एका घराच्या माळ्यावर एक म्हातारं होतं. म्हैस सोडून येत न्हाई म्हणालं. म्हैस गळ्याएवढ्या पाण्यात, वरडत होती. आधी बायापोरं काढायची होती. मी म्हणालो, "काका, तासाभरात येतो, शब्द हाय." मग वढ वाढली, अंधार पडला, मोठ्यांनी काहील नेऊ दिली न्हाई. सकाळी दुसऱ्या बोटीनं त्यास्नी काढलं. माणूस वाचलं. मी त्यांच्या पुढ्यात गेलो न्हाई, आजपातूर न्हाई.

मला आवाजाचं काय न्हाई. मला वास येतो. पाणी उतरल्यावर भिजलेल्या गव्हाच्या पोत्यांचा जो वास सुटतो तो. धान्याच्या दुकानात गेलो आणि पोतं ओलं असलं की मी बाहेर येऊन उभा राहतो. बायको म्हणती सिगरेट प्यायला गेलास.

ह्याला पण मेंदूत काय हाय का?

शंकेखोर | 9 जून, सकाळी 7:05

आहे. डोळे-कान-त्वचा यांची खबर थॅलॅमस नावाच्या चौकीतून पुढं जाते. वासाची वाट वेगळी, तो त्या चौकीत न थांबता अमिग्डालाच्या परिसरात पोचतो. म्हणून वासाची आठवण कळायच्या आधी अंगात येत असावी. वासाची ती वाट हे पक्कं शरीरशास्त्र आहे, वर मी नावं ठेवली त्यातलं नव्हे.

आणि तुम्ही लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद, बाकी काही बोलत नाही.

उंबरठा | 9 जून, सकाळी 8:40

@पेठेतला, तुमचं वाचून मला वास आणि पोती नंतर दिसली. आधी दिसला तो 'शब्द हाय'. वाचवायला गेलेल्या माणसांत हे फार असतं, भीतीपेक्षा अपराधीपणा जास्त. त्यावर "तुझा काय दोष" असं सांगून भागत नाही. तुम्हाला ते शंभर जणांनी सांगितलं असणार.

सगळ्यांसाठी व्यवहाराचं: पुरानंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. म्हणून आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून "काय झालं ते सविस्तर सांगा" करू नये, जागतिक आरोग्य संघटनासुद्धा त्याची शिफारस करत नाही. आधी चहा, कोरडे कपडे, घरच्यांचा फोन लावून देणं. महिना उलटूनही त्रास टिकला, कामात आड यायला लागला, तर मदत घ्यायची. त्या संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शनात दोन उपचार पुढं आहेत. एक आघातावर बेतलेली विचार-वर्तन पद्धती, दुसरी ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडं फिरवायचे असतात.

सांगलीची_हळद | 9 जून, सकाळी 9:10

डोळे फिरवून बरं वाटत असतं तर आमच्या सासूबाईंच्या सहवासात सगळं गाव बरं झालं असतं.

शंकेखोर | 9 जून, सकाळी 9:30

गंमत म्हणजे त्या डोळे फिरवण्याचा स्वतंत्र उपयोग किती, यावर अजून वाद आहे. आठवणीला सुरक्षित जागी सामोरं जाणं हाच त्यातला अर्क आहे असं बऱ्याच जणांचं मत.

रात्रपाळी | 9 जून, दुपारी 2:15

खिशाचा प्रश्न असणाऱ्यांसाठी: कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. आणि सरकारची टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा फुकट आहे, नंबर 14416, रात्री दीड वाजतासुद्धा लागतो. (कुणाला उद्देशून नाही. आहे.)

अकरा_माणसांचं_घर | 11 जून, दुपारी 4:00

माझी आई कुणी भ्यालं की काही न बोलता हात धरून बसायची, मीठ-मोहऱ्या नंतर. त्याचं काही शास्त्र?

शंकेखोर | 11 जून, सायंकाळी 6:20

आहे, आणि छान आहे. 2006 मध्ये जेम्स कोन यांच्या गटानं 16 विवाहित स्त्रियांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि आता विजेचा हलका झटका बसेल असं सूचित केलं. एकदा हात मोकळा, एकदा परक्याच्या हातात, एकदा नवऱ्याच्या. नवऱ्याचा हात धरला की मेंदूची धोक्याची धावपळ कमी दिसली, आणि संसार चांगला असेल तर आणखी कमी. 16 हा आकडा लहान आहे हे मीच आधी सांगून ठेवतो.

तांबडापांढरा | 11 जून, सायंकाळी 6:31

बायकोला दाखवला हा प्रतिसाद. म्हणाली, आधी परक्याच्या हाताचे आकडे सांग.

पंचगंगाकाठ | 26 जुलै, रात्री 10:20

धागा वर काढतेय. दीड महिना लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं.

आई तिसऱ्या भेटीला गेली. मी @उंबरठा यांचं वाक्य तसंच सांगितलं होतं, तिनं ते तसंच त्या बाईंच्या तोंडावर मारलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं बोललात. मी घाई केली." आईला हे इतकं अनपेक्षित होतं की येताना रिक्षात हसत होती, एवढी शिकलेली बाई मला चुकले म्हणाली. त्यानंतर तीन-चार भेटी नुसत्या पावसाच्या. पाय जमिनीला टेकवून बसायचं, श्वास सावकाश सोडायचा, फोनवर पत्र्याचा आवाज बारीक लावून ऐकायचा. डोळे मिटले की आईला जास्त भ्यायला व्हायचं, म्हणून डोळे उघडे ठेवून. मला हे सगळं फार किरकोळ वाटायचं.

मग एका मंगळवारी तिनं आपणहून सांगितलं. आज्जी गेली तेव्हा आई दहा वर्षांची होती, एवढंच मला माहीत होतं. पण त्या रात्री तिला झोपेतून उठवलं, हातात कपड्यांची पिशवी दिली आणि मामाबरोबर पहाटेच्या एसटीत बसवलं. "दोन दिवसांत न्यायला येतो," असं म्हणाले. आज्जी गेल्याचं कुणी सांगितलंच नाही. न्यायला आले तीन वर्षांनी. आणि 2019 ला माडीवर फोन लागला तेव्हा पलीकडून काय सांगितलं होतं? "दोन तासांत बोट येते."

खुंटीवरची पिशवी मी इतकी वर्षं कागदपत्रांची समजत होते. त्यात एक फ्रॉकसुद्धा आहे. माझ्या मुलीचा, लहानपणीचा. का ठेवलाय ते आईलाही सांगता येत नाही.

त्या बाई आता सुट्टीवर जायच्या आधी तारखा कागदावर लिहून देतात. आईनं तो कागद दिनदर्शिकेला टाचणीनं लावलाय.

पाऊस आहेच. परवा पाणी 40 च्या वर गेलं तेव्हा ती जेवली नाही. उगीच गोड बोलत नाही. पण रात्री उठली ती जिन्याकडं गेली नाही, माझ्या खोलीत आली. पहिल्यांदाच. "हात दे," म्हणाली.

शंकेखोर | 27 जुलै, सकाळी 7:15

वाचून गलबललो. तरी माझ्या नावाला जागतो. गोष्ट जुळली म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. एसटी आणि बोट यांचा सांधा मन मागाहूनही जोडतं.

पंचगंगाकाठ | 27 जुलै, सकाळी 7:40

असेल. आईला जुळली, मला तेवढं पुरतं.

उंबरठा | 27 जुलै, सकाळी 8:05

@शंकेखोर, बरोबर आहे तुमचं. मीही ते कारण म्हणून वापरणार नाही. पण शब्द दिलेल्या वेळेला दार उघडायचं, एवढं मात्र त्यातून शिकेन. हो, आणि @पंचगंगाकाठ, बाबांकडंही लक्ष असू द्या.

शब्दवेल्हाळ | 27 जुलै, सकाळी 10:30

'येतो.' निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. इतकी वर्षं मी याचं कौतुक करत होतो. आज पहिल्यांदा हा शब्द जड वाटला.

पेठेतला | 28 जुलै, रात्री 12:50

ताई, तुमच्या त्या बाईंचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या तालमीतल्या एका मित्रासाठी पायजे.

तांबडापांढरा | 28 जुलै, सकाळी 8:10

मित्राला नमस्कार सांग भावा. सोबत लागली तर मी मोकळाच असतो.

पंचगंगाकाठ | 28 जुलै, सकाळी 8:45

व्यनि केलाय. फक्त मंगळवारी दुपारी चारला मागू नका, ती आईची वेळ आहे.